सातपुड्यातून पुण्यात : राहावे की परत जावे?

(पत्रलेखकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखक वीस वर्षांचा असून तो नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा आहे. घरी पावरी ही पावरा आदिवासींची भाषा बोलली जाते. पहिलीपासून आश्रमशाळेत, बारावी नंदुरबारला आणि आता पुण्यातील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, असा त्याचा प्रवास आहे. शासकीय आदिवासी वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यामुळे तो अशा विद्यार्थ्यांना राहण्याजेवणाचे पैसे देणाऱ्या ‘स्वयम’ या सरकारी योजनेच्या भरवशावर, भाड्याच्या खोलीत तीन मुलांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि डेटा स्ट्रक्चर्स या दोन विषयांत त्याचा बॅकलॉग आहे, म्हणजे ते पेपर राहिले आहेत. वर्गात तो बोलत नाही. खोलीतली मुले त्याच्या ‘पानी’ म्हणण्यावर हसतात, तर वर्गातल्या एकाने सर्वांदेखत त्याचा प्रवेशपरीक्षेतला पर्सेंटाइल विचारला आणि ‘तुझी फी तर शून्यच ना?’ अशी पुस्ती जोडली. ‘स्वयम’चा हप्ता लांबला की तो मेसला खाडा टाकतो. आईवडील दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे त्याने लपवले असून ‘आमची नंदुरबारजवळ शेती आहे’ असे सांगितले आहे. होळीला घरी गेला तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, ‘तू मास्तरासारखा बोलायला लागलास.’ रात्री झोप लागत नाही. शहराच्या संस्कृतीशी जुळवून घेणे आपल्याला जमणार नाही, असे त्याला वाटते. अभियांत्रिकी सोडून नंदुरबारला बी.ए.ला प्रवेश घ्यावा का, आणि घरची परिस्थिती लपवणे चूक आहे का, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘जुळवून घेता येत नाही’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. परंतु त्या शब्दांच्या आगेमागे तुम्ही ज्या घटना लिहिल्या आहेत त्या बारकाईने पाहिल्या, तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक घटना पैशाच्या आहेत. वाढदिवसाची वर्गणी द्यावी लागू नये म्हणून तुम्ही उशिरापर्यंत ग्रंथालयात बसून राहिलात, सहलीच्या वेळी बरे नसल्याचे सांगितलेत, स्वतःचा लॅपटॉप नसल्यामुळे प्रोजेक्टच्या गटात आपण होऊन मागची जागा घेतलीत आणि हप्ता आला नाही म्हणून संध्याकाळचे जेवण सोडलेत. यांपैकी कोणत्या प्रसंगाला तुमचा स्वभाव जबाबदार आहे? खिशात पैसे असते तर यांतल्या किती ठिकाणी तुम्ही ‘जुळले’ असता? ज्याला तुम्ही संस्कृतीतले अंतर म्हणता, त्यातला मोठा वाटा वेळेवर न आलेल्या पैशाचा आणि कोणी न सांगितलेल्या माहितीचा आहे, असे मला वाटते. उरलेला भाग खरोखरच संस्कृतीचा आहे आणि त्याबद्दलही मी लिहिणार आहे. परंतु दोन्हींची गल्लत केली तर जे कार्यालयात जाऊन सुटणारे आहे त्यासाठी तुम्ही स्वतःला बोल लावत बसाल.

आधी पैशाचे पाहू. ‘स्वयम’ योजनेत पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवण्यात आले : भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. बारा महिन्यांत विभागले तर राहण्यासाठी महिन्याला सतराशेहून कमी आणि जेवणासाठी सत्तावीसशेच्या आत रुपये येतात. महाविद्यालयाच्या पायी अंतरावर तेवढ्या पैशांत कॉट मिळणे किती कठीण आहे, हे तुमच्या घरमालकालाही ठाऊक असेल. शिवाय ही रक्कम हप्त्यांनी येते. 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याच्या विरोधात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पोट रोज भरावे लागते आणि खात्यात पैसे रोज येत नाहीत, हे त्यांच्या तक्रारीचे मूळ होते. त्या मुलांना शहराशी जुळवून घेता आले नाही असा निष्कर्ष कोणी काढला नाही. मग तुम्ही तो स्वतःबद्दल का काढता?

आता करण्याजोगे. तुम्ही हप्त्यासाठी तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात फोन करत असल्याचे लिहिले आहे. तुमचे गाव तळोद्याच्या कक्षेत येते हे खरे; परंतु तुमचे महाविद्यालय पुणे जिल्ह्यात असल्यामुळे ‘स्वयम’साठी चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायला हवी. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि ‘स्वयम’ या दोन निरनिराळ्या गोष्टी असून एकीचा अर्ज मंजूर झाला म्हणजे दुसरीचाही झाला असे होत नाही, हेही ध्यानात ठेवा. पैसे अडकण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे बँक खाते. थेट लाभाचे पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, त्यामुळे पुण्यात नवे खाते उघडून ते आधारशी जोडले असेल तर धडगावच्या जुन्या खात्याकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. आणि कोणतेच खाते नीट जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही परत फिरते. हे बँकेच्या शाखेत दहा मिनिटांत तपासून मिळते. बोनाफाईड, उपस्थितीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती एका फायलीत तयार ठेवा आणि विद्यार्थी विभागात तोंडी विचारण्याऐवजी साध्या कागदावर अर्ज देऊन त्याची पोच घ्या. तोंडी चौकशीला ‘वरून आले नाही’ हे उत्तर ठरलेले असते. कागदाची पोच दिली की निदान कोणत्या टेबलावर काय राहिले ते सांगावे लागते.

मेसबद्दल एक गोष्ट. न सांगता खाडा टाकला तर पुष्कळ ठिकाणी पैसे वजा होत नाहीत, म्हणजे उपाशीही राहायचे आणि पैसेही द्यायचे. मेस चालवणाऱ्या मावशींना ‘शिष्यवृत्तीचा हप्ता आला की देतो’ असे स्पष्ट सांगून पाहा. विद्यार्थ्यांच्या मेस चालवणाऱ्यांना हे वाक्य नवे नसते. महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, तेही विचारा. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काही तासांचे काम आणि तासावर मानधन, असे तिचे स्वरूप असते. त्यातून मोठी रक्कम येत नाही, पण हप्ता लांबलेल्या महिन्यात डब्याचे पैसे निघतात.

‘फी शून्य’ या टोमण्याने तुम्ही फार दुखावला आहात. आपण इथे कोणाच्या तरी उपकारावर राहतो आहोत आणि बाकीचे स्वतःच्या बळावर, असे तुमच्या मनाने घेतले आहे. या शहराचा इतिहास थोडा वेगळा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातून आणि देशावरून पुण्यात शिकायला येणारी कितीतरी गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. काही माधुकरी मागत. त्यांच्या नातवंडांनी पुढे याचा अभिमानच बाळगला, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती दारे तुमच्या पणजोबांसाठी उघडी नव्हती, किंबहुना बहुतेकांसाठीच नव्हती. म्हणूनच शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी करण्यास साहाय्य केले आणि 1908 मध्ये तिथे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणून एका पंगतीला बसवले. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी सहायक समिती खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय करत आली आहे. या सगळ्या मंडळींना एक गोष्ट पुरती कळली होती की फी माफ केल्याने शिक्षण होत नाही. ते निजायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाल्याने होते. तुम्हाला मिळणारे पैसे त्याच समजुतीतून आलेले आहेत. ज्याने टोमणा मारला त्याला हे ऐकवायला जाऊ नका. त्याला उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही, आणि पर्सेंटाइल सांगण्याचे तर मुळीच नाही.

हसणे आणि हिणवणे यांत मात्र फरक करा. खोलीतल्या मुलांनी ‘पानी’ शब्दावर हसणे हा उथळपणा आहे; एकदा शांतपणे ‘मला हे आवडत नाही’ असे म्हटल्यावर बहुधा थांबतो. आरक्षणावरून, जमातीवरून वारंवार बोलले जात असेल, प्रोजेक्टच्या गटात घेतले जात नसेल किंवा शिक्षकच तसे बोलत असतील, तर तो जुळवून घेण्याचा विषय राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांनी अशा तक्रारींसाठी महाविद्यालयांत समान संधी कक्षाची तरतूद केली. तिथे लेखी तक्रार करता येते. तारीख, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होते, हे त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येईल.

वर्गात बोलत नाही, कारण इंग्रजी येत नाही, असे तुम्ही लिहिता. पावरी घरातून आलेल्या मुलाने आश्रमशाळेत मराठी आत्मसात केली, त्या मराठीच्या बळावर बारावी विज्ञान पार केले आणि सीईटी दिली. तुमच्या वर्गातल्या बहुतेकांना शिक्षणाची पहिली भाषा घरातच मिळाली होती, तुम्हाला ती कमवावी लागली. इंग्रजी त्याच वाटेने येईल, फक्त तिला वेळ द्यावा लागेल. पुष्कळ वर्षे शिकवल्यामुळे एक सांगू शकते : ऐंशी मुलांच्या वर्गात जो गप्प बसतो त्याला समजले आहे, असे शिक्षक सोयीस्करपणे धरून चालतात. तास संपल्यावर सरांच्या केबिनमध्ये जा आणि ‘काही समजले नाही’ असे न म्हणता वही उघडून ‘इथपर्यंत कळले, या पायरीनंतर सुटले’ असे दाखवा. मराठीतून विचारले तरी चालते. पुण्यातल्या बहुसंख्य प्राध्यापकांची स्वतःची विचार करण्याची भाषा मराठीच आहे. इंग्रजी ते फळ्यासमोर वापरतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘ई-कुंभ’ संकेतस्थळावर अभियांत्रिकीची मराठी पुस्तके मोफत आहेत. संकल्पना मराठीतून समजून घ्या आणि उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव करा. एम-थ्रीत भाषेपेक्षा सरावाचा वाटा मोठा, तेव्हा आधी तो विषय काढा.

तुमचा दुसरा प्रश्न लपवण्याचा होता. आईवडील काय करतात हे खोलीतल्या प्रत्येकाला सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, आणि ते न सांगणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणाही नव्हे. अडचण आहे ती रचून सांगितलेल्या शेतीची, कारण ती सांभाळावी लागते. यंदा पाऊस कसा झाला, कापूस किती निघाला, या साध्या प्रश्नांनाही तुम्हाला बेतून उत्तरे द्यावी लागतात, घरचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलावे लागते, आणि तुम्ही लिहिले आहे त्याप्रमाणे पावरीत बोलताना कोणी आले की तुम्ही फोनच बंद करता. एवढी राखण करण्याजोगी ती गोष्ट आहे का?

पत्राच्या शेवटी तुम्ही खोलीतल्या मुलांची ओळख देताना एक जण बीडच्या आष्टी तालुक्यातला असल्याचे लिहिले आहे आणि त्याच दमात ‘सगळे शहरी आहेत’ असेही म्हटले आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम, उचल, कोयता हे शब्द त्या तालुक्यातल्या पोरासोरांना पाठ असतात. त्या मुलाच्या घरचे कोणी जाते की नाही, मला ठाऊक नाही. पण ऊसतोड म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही, एवढे नक्की. वर्षभर एकाच खोलीत राहून तुम्ही दोघांनी एकमेकांना हे विचारलेले नाही. कदाचित तोही काही राखत असेल. सर्वांना एकदम सांगण्याची गरज नाही. त्याच्यापासून सुरुवात करता येईल. चारचौघांत मात्र नको, मेसहून परत येताना बोला.

बहिणीचे वाक्य तुम्हाला सर्वांत जास्त लागले आहे, असे पत्रावरून दिसते. पुण्याने मला घरापासून तोडले, असे तुम्ही म्हणता. मला वाटते तुम्ही काळाचा हिशेब थोडा चुकवता आहात. सहा वर्षांचे असताना घर सोडून तुम्ही आश्रमशाळेत राहायला गेलात. तुमचे पहिले आणि सर्वांत कठीण स्थलांतर ते होते. त्या वेळी भाषा नवी, जेवण नवे, वेळापत्रक नवे आणि आई जवळ नाही, हे सारे तुम्ही निभावले. तेव्हा ते शक्य झाले, कारण शेजारच्या सतरंजीवरचा मुलगाही तुमच्यासारखाच होता. पुण्यात तो शेजार नाही. जी अडचण तुम्ही स्वतःच्या कुवतीत शोधता ती पुष्कळशी या एकटेपणात आहे, आणि त्यावर इलाज करता येतो. पुण्यातील शासकीय आदिवासी वसतिगृहांत नंदुरबार, नाशिक, पालघरची मुले राहतात. तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून जाण्यास मनाई नाही. रविवारी जाऊन बसा. महाडीबीटीचा अर्ज नेमका कुठे अडतो, दुसऱ्या वर्षी कोणता पेपर कोणाला जड गेला, जुनी पुस्तके कोणाकडे पडून आहेत, ही माहिती तिथे फुकट मिळते. 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या निमित्ताने शहरातले बरेच विद्यार्थी एकत्र येतात. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, तिचे संग्रहालयही आहे. तिथे प्रोजेक्टच्या गटातल्या एखाद्याला सोबत नेलेत तर त्या दिवशी माहीतगार तुम्ही असाल. अर्थात सगळा वेळ आपल्याच मुलांत काढणेही बरे नव्हे. वर्ग सोडून तिकडेच रमलेली मुलेही मी पाहिली आहेत.

बहिणीला मास्तरासारखे वाटले, कारण तुम्ही तिच्याशी अभ्यासाबद्दलच बोललात, असे तुमच्याच वर्णनावरून दिसते. फोनवर तिला पुण्याच्या बसमध्ये काय झाले ते सांगा, आणि पावरीत सांगा. बोलण्याची ढब बदलली म्हणजे माणूस परका झाला असे नसते. मात्र घरच्यांना आपल्या आयुष्यातले काहीच सांगायचे नाही असे ठरवले तर परकेपणा येतोच. बॅकलॉगही घरी सांगा. वडिलांना एम-थ्री म्हणजे काय ते कळणार नाही, पण दोन पेपर राहिले आहेत आणि पुन्हा देता येतात, हे कळायला शाळा लागत नाही.

आता परत जाण्याचा प्रश्न. बी.ए. करणे कमीपणाचे नाही आणि नंदुरबारला जाणे हा पराभवही नाही. तुम्हाला इतिहासाची किंवा भाषेची ओढ असती, तर मी ‘जा’ म्हटले असते. पण बी.ए.मध्ये काय शिकायचे आहे याबद्दल पत्रात एकही वाक्य नाही. तिथे काय नसेल याचीच यादी आहे. त्यामुळे हा निर्णय अजून पिकलेला नाही असे मला वाटते. एक व्यावहारिक बाबही आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांनुसार वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर त्या वर्षाची रक्कम परत मागितली जाऊ शकते आणि पूर्वपरवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती थांबू शकते. म्हणून सोडायचेच झाले तर वर्ष पूर्ण करून, विद्यार्थी विभागात आणि प्रकल्प कार्यालयात लेखी विचारून सोडा. तोवर दोन बॅकलॉगपैकी निदान एक काढा. वायडी (म्हणजे पुढच्या वर्षात प्रवेश न मिळणे) लागले तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती आणि ‘स्वयम’चे काय होईल, हेही त्याच अर्जात विचारून घ्या. निकाल लागल्यावर पैसे वेळेवर येऊ लागले आहेत का, बोलायला एखादा माणूस मिळाला आहे का आणि अभ्यास नकोसा आहे की अवघड आहे, हे पाहून ठरवा. त्यानंतरही जावेसे वाटले, तर खुशाल जा.

झोपेकडे दुर्लक्ष करू नका. दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, जगण्यातच राम वाटत नाही, अशी अवस्था असेल तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांनाही भेटा. ही भेट कोणाला सांगावी लागत नाही.

बाकीच्या गोष्टींना महिने लागतील आणि लागू द्यावेत. आष्टीच्या मुलाशी केव्हा बोलायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. घोडेगावला अर्ज आणि बँकेत आधारची तपासणी ही दोन कामे मात्र या आठवड्यातच उरका. त्यांसाठी मनाची तयारी व्हायची वाट पाहावी लागत नाही.